उलवे (नवी मुंबई) साईट: सिमेंटच्या नोंदी (जी प्लस फोर, म्हणजे तळमजला आणि वर चार मजले, साडेबारा टक्क्याचा प्लॉट)

१३ जानेवारी २०२५

लाईन-आउट (जमिनीवर बिल्डिंगची आखणी) झालं, खोदाई चालू. या फाईलमध्ये फक्त सिमेंट आणि काँक्रीटचं लिहितोय, स्टील आणि शटरिंगचं रजिस्टर वेगळं आहे. मालक इथलेच, सिडकोत जमीन गेली त्याबदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेला प्लॉट, खाली दुकानं वर फ्लॅट. पहिल्याच मीटिंगला दादांनी (मालक) अट घातली, "सिमेंट त्रेपन्न ग्रेडचंच पायजे, राखेचं नको." (त्रेपन्न ग्रेड म्हणजे साधं, लवकर ताकद धरणारं सिमेंट; राखेचं म्हणजे वीज केंद्राची राख मिसळलेलं.) का विचारलं तर म्हणे मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगला राखेचं वापरलं आणि प्लास्टरला भेगा गेल्या. ठेकेदार शेठने लगेच मान हलवली कारण त्याला शटरिंग लवकर काढून वरच्या मजल्याला न्यायचंय, त्रेपन्न त्याच्या सोयीचं. म्हटलं पाण्याचा रिपोर्ट येऊ द्या, मग ठरवू.

२१ जानेवारी

रिपोर्ट आला. खड्ड्यात भरतीला पाणी चढतं हे तर डोळ्यांनी दिसतच होतं, आता कागदावर पण आलं: सल्फेट आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) च्या टेबल ४ मधल्या क्लास २ मध्ये बसतंय, म्हणजे लिटरला ०.३ ते १.२ ग्रॅमच्या मधलं, आणि क्लोराईड भरपूर. खाडीकाठचा भराव आहे, वेगळं काय येणार.

सल्फेट हा शब्द बघितल्याबरोबर शेठच्या माणसाने सल्फेट रेझिस्टिंग सिमेंटचं कोटेशन मागवून टाकलं. थांबवलं. एसआरसीमध्ये सीथ्रीए हा घटक मुद्दाम कमी ठेवतात म्हणून सल्फेट त्याला त्रास देत नाही, पण आत शिरणारं थोडंफार क्लोराईड बांधून ठेवायचं काम तोच सीथ्रीए करतो. जिथे नुसतं सल्फेट आहे तिथे एसआरसी ठीक, जिथे खारं पाणी आहे तिथे सळई गंजायची भीती जास्त मोठी, आणि त्याला उत्तर स्लॅगवालं (पोलाद कारखान्याच्या भट्टीतला मळ दळून मिसळलेलं) सिमेंट. कोडमध्येच समुद्राच्या पाण्यातल्या काँक्रीटच्या कलमात (८.२.८) स्पष्ट लिहिलंय की अशा ठिकाणी स्लॅग किंवा पोझोलाना (राखेचं किंवा भाजलेल्या मातीचं) सिमेंट फायद्याचं. आणि क्लास २ ला पीपीसी (राखेवालं), पीएससी (स्लॅगवालं) दोन्ही चालतात, त्यामुळे सल्फेटचं काम पण त्यातच भागतं.

डिझायनरशी फोनवर बोललो. फुटिंग ते प्लिंथ (पायापासून जोत्यापर्यंत) "व्हेरी सिव्हिअर" (हवा-पाण्याचा मारा खूप कडक) धरायचं, म्हणजे एम ३५ (अठ्ठावीस दिवसांत ३५ एमपीए ताकद), सिमेंट घनमीटरला कमीत कमी ३४० किलो, वॉटर सिमेंट रेशो ०.४५ च्या वर नाही, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ५० मिमी. वरचं सगळं "सिव्हिअर", एम ३०, ३२० किलो, रेशो तोच ०.४५, कव्हर ४५. ४५ मिमीचे कव्हर ब्लॉक साईटवरच पाडायचे नाहीत, मशीनचे तयार मागवायचे. मागे दुसऱ्या साईटवर घरगुती ब्लॉक बघितलेत, बोटाने चुरा होत होता.

२४ जानेवारी

दादा, शेठ, मी, चहाच्या टपरीवर दीड तास. शेवटी गोणीच्या मागे काय छापलंय तेच वाचून दाखवायला लागलं. इथे लिहून ठेवतो म्हणजे परत परत सांगायला नको.

साधं सिमेंट म्हणजे ओपीसी, आयएस २६९. पूर्वी ४३ आणि ५३ ग्रेडचे कोड वेगळे होते (८११२ आणि १२२६९), २०१५ मध्ये सगळे २६९ मध्येच घेतले. हे क्लिंकर (भट्टीत भाजलेली चुनखडी-माती) आणि जिप्सम, त्यात किरकोळ भर चालते. ब्लेंडेड म्हणजे क्लिंकरचा काही भाग काढून त्या जागी दुसरा माल, पण तो कुठला आणि किती हे कोड ठरवतो, कंपनीच्या मर्जीवर नाही. राखेवालं पीपीसी, आयएस १४८९ भाग १, औष्णिक वीज केंद्रातली राख १५ ते ३५ टक्के. भाजलेल्या मातीचं पण पीपीसी असतं, त्याचा भाग २. स्लॅगवालं पीएससी, आयएस ४५५, पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग २५ ते ७० टक्के. आणि कंपोझिट, आयएस १६४१५, २०१५ चा कोड, त्यात राख १५ ते ३५, स्लॅग २० ते ५०, क्लिंकर ३५ ते ६५. हल्ली गोणीवर नुसतंच काहीतरी भारी नाव मोठ्ठं छापतात आणि कंपोझिट हा शब्द कोपऱ्यात असतो, तेव्हा नाव सोडा, आयएस नंबर बघा.

दादांचा प्रश्न बरोबर होता: "मग हे भेसळच झालं ना?" नाही झालं. स्लॅग सिमेंटचा कोड १९५३ चा आहे, पोझोलानाचा १९६२ चा, ही काही कालची फॅशन नाही. सिमेंट भिजलं की त्यातून चुना सुटतो, तो काँक्रीटमध्ये नुसता पडून राहतो, ताकदीला काही उपयोग नाही आणि पाण्याबरोबर बाहेर येऊन भिंतीवर पांढरा फुलतो तो वेगळाच. राख हळूहळू त्या चुन्याशी जुळून नवीन चिकट माल तयार करते, बारीक भोकं बुजतात, खारं पाणी आत जायला वाट कमी राहते. गडावरच्या टाक्यांना चुन्यात सुरखी घालायचे ती हीच गोष्ट, विटेची भुकटी म्हणजे भाजलेली मातीच की. आता तर भाजलेली माती अधिक चुनखडीच्या सिमेंटचा पण कोड आलाय, आयएस १८१८९, २०२३ चा, ज्याला एलसीथ्री म्हणतात.

फक्त एक गोष्ट, आणि ती शेठला दोनदा सांगितली: "हळूहळू". कोडमध्ये ५३ ग्रेडला तीन दिवसांत २७, सात दिवसांत ३७, अठ्ठावीसला ५३ एमपीए लागतात. पीपीसी, पीएससी, कंपोझिट तिघांना १६, २२, ३३. हे कमीत कमी आकडे, कंपनीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर अठ्ठावीस दिवसांचा आकडा ३३ च्या बराच वर असतो, पण सुरुवात सावकाश ती सावकाशच. शेठ म्हणाला "म्हणजे तेहतीस ग्रेडच की". ब्लेंडेडला ग्रेड नसतो, पण हे त्याच्या डोक्यात शिरेल असं वाटत नाही.

ठरलं असं: काँक्रीट सगळं आरएमसीचं (प्लांटवरून तयार येणारं), ओपीसी ५३ मध्ये प्लांटवरच जीजीबीएस (दळलेला स्लॅग) मिसळून, फुटिंगला ५० टक्के, वर ३० टक्के. कोड याला हिशोबात धरतो, अट एवढीच की राख ३५ च्या आणि स्लॅग ७० च्या वर जाऊ नये, म्हणजे १४८९ आणि ४५५ च्याच मर्यादा. ब्लॉकवर्क आणि प्लास्टरला गोणीतलं पीपीसी. दादा "बघू" म्हणाले. बघू म्हणजे हो.

३ फेब्रुवारी

तळोज्याकडच्या प्लांटला जाऊन आलो. सायलोवर पाट्या होत्या, ओपीसी, जीजीबीएस, फ्लाय अॅश. जीजीबीएसची टेस्ट आयएस १६७१४ प्रमाणे मागितली, दिली. डोलवीला स्टील प्लांट असल्यामुळे आपल्याकडे स्लॅगचं तसं अडत नाही. डोळ्याला ओळखू येतं: स्लॅगची पावडर जवळजवळ पांढरी, राख करडी आणि बोटात धरली तर गुळगुळीत, कारण कण गोल. म्हणूनच राखेचं काँक्रीट पंपातून लोण्यासारखं जातं.

डिझाईन मिक्स (घनमीटरला किलो) एम ३५: ओपीसी २००, जीजीबीएस २००. एम ३०: ओपीसी २६०, जीजीबीएस ११०. टार्गेट ताकद एम ३० ला ३८.२५ (आयएस १०२६२ चा हिशोब, ३० अधिक १.६५ गुणिले ५). ट्रायलचे क्यूब (लॅबमध्ये दाबून फोडायचे काँक्रीटचे ठोकळे) प्लांटनेच भरले, आपण उभे होतो.

त्यांच्या चलनावर नुसतं "सिमेंट ४०० किलो" असं येतं. म्हटलं असं नाही चालणार, ओपीसी किती आणि स्लॅग किती वेगवेगळं लिहा आणि प्रत्येक गाडीबरोबर बॅच प्रिंटआउट. क्वालिटीवाला कुरकुरला, मग तयार झाला.

८ फेब्रुवारी

फुटिंगचं पहिलं काँक्रीट. दोन गाड्या व्यवस्थित. तिसऱ्या गाडीच्या आधी प्लांटवरून फोन, ओपीसीचा बल्कर (सिमेंटचा टँकर) अडकलाय, "सर पीपीसी आहे सायलोमध्ये, त्यात वीस टक्के राख टाकून देतो, ताकद येईल, सर्टिफिकेट देतो."

जागेवर नाही म्हणालो, आणि का ते लिहून ठेवतो कारण हे कुठेही होऊ शकतं. समजा पीपीसीमध्ये आधीच ३० टक्के राख आहे. त्याचं ८० टक्के घेतलं तर त्यात २४ भाग राख, वरून २० नवीन, झाले ४४. मर्यादा ३५. क्लिंकर उरलं निम्म्याच्या जरा वर आणि कागदावर सगळं छान "ब्लेंडेड". प्लांटवर मिसळायचं तर ओपीसीमध्येच मिसळायचं, नाहीतर कारखान्याने मिसळलेलं गोणीतलं वापरायचं, दोन्ही एकावर एक नाही. तिसरी गाडी रात्री आठला आली, ओपीसी अधिक स्लॅगचीच, प्रिंटआउट तपासून उतरवली. शेठचं तोंड फुगलेलं, पंपाचं भाडं चढलं म्हणून.

१५ फेब्रुवारी

सात दिवसांचे क्यूब फोडले आणि लॅबमध्ये छोटा तमाशा झाला. क्यूब फुटला तर आतून हिरवट निळा. बाहेरून करडा, आत मोरपंखाच्या कडेसारखा रंग. शेठचा सुपरवायझर घाबरला, केमिकल पडलं म्हणे, फोटो काढून दादांना पाठवला, दादांचा मला फोन, "अरे इंजिनिअर, हे काय शेवाळ का?"

स्लॅगच्या काँक्रीटला हे होतंच. स्लॅगमध्ये थोडा गंधक असतो, तो सल्फाईडच्या रूपात बंद ओल्या काँक्रीटमध्ये हा रंग धरतो, हवा लागली की उडून जातो. फुटलेला तुकडा लॅबच्या खिडकीत ठेवून दिला, दोन दिवसांनी परत फोटो पाठवला, करडा झाला होता. दादांनी अंगठा टाकला व्हॉट्सअपवर, संपला विषय.

ताकद सरासरी २३ च्या आसपास. एम ३५ च्या मानाने सात दिवसांना ६५ टक्के, ५० टक्के स्लॅगला हे ठीकच आहे. सुपरवायझरच्या डोक्यात ओपीसीचा सत्तर टक्क्यांचा आडाखा बसलाय म्हणून त्याला फेल वाटलं.

८ मार्च

अठ्ठावीस दिवसांचे: सगळे ४३ च्या वर. एक शब्द कोणी बोललं नाही. पास झालं की कोणी फोन करत नाही. जास्तीचे क्यूब ५६ दिवसांसाठी ठेवलेत, स्लॅगचं खरं काम तेव्हा दिसतं.

१७ मार्च

होळीला अर्धे कामगार गावी गेले, अजून आले नाहीत. कॉलमला पाणी मारायला एकच माणूस. गोणपाट गुंडाळलंय पण दुपारी खाडीवरचा वारा सुटला की तासाभरात कोरडं. कोड म्हणतो ओपीसीला कमीत कमी सात दिवस, ब्लेंडेडला दहा, गरम कोरड्या हवेत ओपीसीला दहा आणि ब्लेंडेडला चौदा. आपण चौदाच धरतोय. टँकरचं पाणी महाग आणि बोअरचं खारं, बोअरचं क्युरिंगला अजिबात वापरायचं नाही असं पाटीवर मराठी-हिंदी दोन्हीत लिहून लावलं. बाहेरून खारं पाणी आत येऊ नये म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि मग आपणच पाईपने मारायचं, काय अर्थ आहे?

लोक म्हणतात ब्लेंडेडच्या स्लॅब गळतात, भेगा जातात, त्यातल्या बहुतेक ठिकाणी तिसऱ्या दिवशी पाणी बंद झालेलं असतं. राखेला आणि स्लॅगला काम करायला ओल लागते, ओलच काढून घेतली तर ती नुसती भरताड. ओपीसी निदान पहिल्या आठवड्यात बऱ्यापैकी होऊन जातं म्हणून आळशी साईटवर पण निभावतं.

२२ मार्च

पहिला स्लॅब. एम ३०, स्लॅग ३० टक्के. पहाटे पाचला सुरू केला, अकराच्या आत संपवला, उन्हाचं टाळण्यासाठी. फिनिशिंगवाले वाट बघत बसले, नेहमीपेक्षा सेट व्हायला वेळ लागला. एकाने वरून कोरडं सिमेंट भुरभुरवायला घेतलं, थांबवलं. संध्याकाळी वाफे घालून पाणी भरलं. क्यूब कोडप्रमाणे (३१ ते ५० घनमीटरला चार सॅम्पल), वर एक सेट जास्तीचा, तो लॅबच्या टाकीत नाही, स्लॅबवरच ठेवायचा, त्याच पाण्यात त्याच उन्हात.

२९ मार्च

आज भांडण. सातवा दिवस, शेठची माणसं सकाळीच जॅक सैल करायला वर. त्याचं म्हणणं, कोडमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, उद्या पाडवा आहे, माणसं सुट्टीवर जाणार, आजच मोकळं करू. वाक्य बरोबर आहे, अर्धं आहे. ते सात दिवस ओपीसीचे. त्याच कलमात खाली लिहिलंय की दुसऱ्या सिमेंटला आणि कमी तापमानाला हा वेळ बदलून घ्यायचा, आणि मूळ अट अशी की काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार त्याच्या निदान दुप्पट ताकद आलेली पाहिजे. वर पुढच्या स्लॅबचं शटरिंग, सळई, माणसं सगळं याच स्लॅबवर उभं राहणार.

स्लॅबवर ठेवलेला सेट दुपारी फोडून आणला, १९.५. शेठला आकडा दाखवला, डिझायनरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ठरलं: प्लायवूड काढून टेकू लगेच परत लावायचे असतील तर हरकत नाही, पण टेकू चौदा दिवस हलवायचे नाहीत, बीमखालचे तर नाहीतच. शेठने शटरिंगच्या भाड्याचा हिशोब दादांसमोर मांडला. दादांनी कधी नव्हे ते माझी बाजू घेतली, म्हणाले "वाशीचा पयला पूल बघितलाय आम्ही." १९७३ ला चालू झालेला खाडीपूल, आतल्या तारा गंजून कमजोर झाला आणि मग १९९७ ला शेजारी दुसरा आला. इथल्या म्हाताऱ्या माणसांना गंज म्हणजे काय ते समजावायला लागत नाही.

५ एप्रिल

५६ दिवसांचे फुटिंगचे क्यूब: ५० च्या जवळ. टेकू काढले, खालून स्लॅब बघितला, हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळी) एका जिन्याच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा. तो सिमेंटचा नाही, तिथे व्हायब्रेटर पोचला नाही. तोडून मायक्रो काँक्रीट भरलं.

१९ एप्रिल

एसी ब्लॉक आले (एएसी, भिंतीचे हलके ब्लॉक, पण सगळे एसीच म्हणतात). दादांना आज सांगितलं की या ब्लॉकमध्ये निम्म्याहून जास्त राखच असते. बराच वेळ ब्लॉककडे बघत राहिले. "तू आधी नाय सांगितलास."

पीपीसीच्या गोण्या पण उतरल्या. तपासलं ते: आयएसआय मार्क, आयएस १४८९ भाग १, राखेची टक्केवारी छापलेली, आठवडा आणि साल. तीन आठवड्यांपूर्वीचा माल, चालेल. त्यात दहा-बारा गोण्या दुसऱ्याच छापाच्या निघाल्या, आयएस नंबर १६४१५, म्हणजे कंपोझिट. डीलर म्हणतो "एकच आहे साहेब, उलट भारी आहे." वाईट नाही, पण मागवलं ते नाही, आणि एका भिंतीवर दोन सिमेंट म्हणजे रंग आणि सेटिंग दोन्ही वेगळं. परत पाठवल्या. मिस्त्री गोणीत हात घालून गार लागतंय का बघत होता, चिमूट पाण्यात टाकून बुडते का ते पण. करू दे, पण त्यावरून ताकद कळत नाही, त्याला लॅबमध्ये ७०.६ मिमीचे क्यूबच भरायला लागतात.

९ मे

तळमजल्यावर दुकानाच्या एका भिंतीवर नमुन्याचं प्लास्टर. दादांच्या मागच्या गल्लीतल्या भेगांचं कोडं इथे सुटलं असं मला वाटतं, कारण आपला मिस्त्री पण तेच करत होता: क्रश सँडमध्ये डस्ट भरपूर, वरून सिमेंटचा हात सढळ, आणि भिंत न भिजवता थर मारायचा. असल्या प्लास्टरला ५३ ग्रेड वापरलं असतं तर भेगांची जाळी आणखी मोठी पडली असती, गरमी जास्त आणि आकसणं पण जास्त. सँड चाळून धुऊन घेतली, एकास चार ठेवलं, ब्लॉकवर आधी पाणी, जॉईंटला जाळी. पीपीसीचा माल थापीला चिकटून छान चालतो हे मिस्त्रीनेच सांगितलं. सात दिवस पाणी, फवाऱ्याने.

१६ मे

भिंत बघितली. एक केसभर भेग कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर, जिथे जाळी तोकडी पडली होती. बाकी साफ. पुढच्या भिंतींना जाळी दोन्हीकडे १०० मिमी चढवायची.

२७ मे

काल मुंबईत पाऊस डिक्लेअर झाला, एवढ्या लवकर कोणाची तयारी नव्हती. गोडाऊनचा पत्रा एका बाजूने गळतोय. गोण्या फळ्यांवर आहेत, भिंतीपासून फूट-दोन फूट लांब, दहाच्या वर थर नाही, ते बरं केलं होतं. खालच्या थरातल्या चार गोण्यांना खडे धरलेत, बोटाने फुटत नाहीत, त्या बाजूला काढल्या, भराव्यातही टाकायच्या नाहीत नाहीतर मिस्त्री हळूच चाळून प्लास्टरला वापरतो. बाकीच्या ढिगाला वरून खालून प्लास्टिक गुंडाळलं. पीपीसी बारीक दळलेलं असतं (कोडमध्येच किलोला ३०० चौरस मीटर, ओपीसीला २२५), दमट हवा लवकर धरतं. इथून पुढे एका वेळी पंधरा दिवसांचाच माल मागवायचा, जुना आधी संपवायचा.

दुसऱ्या स्लॅबची तारीख पावसामुळे पुढे गेली. प्लांटला मेल टाकलाय: जीजीबीएस ३० टक्केच, पावसाळा आहे म्हणून आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, खडी-सँडची ओल रोज सकाळी मोजून पाणी तेवढं कमी करा, आणि ओपीसीचा स्टॉक गाडी निघायच्या आधी कळवा. शेठला वेगळा मेसेज: टेकूंचं भाडं चौदा दिवसांचंच धरून कोटेशन द्या.